विश्लेषण : माजी सैनिक संघटनांचे पुढे काय? चार वर्षांनी परतणाऱ्या अग्निवीराला ठाणे-कल्याणमध्ये सदस्यत्व मिळेल का?

ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या माजी सैनिक संघटना इतरांना वर्षातून तीन-चार वेळाच दिसतात. कारगिल विजय दिन, १५ ऑगस्ट, १६ डिसेंबरचा विजय दिन आणि २६ जानेवारी. कोटावर पदके लावलेली काही मंडळी स्मारकापाशी रांगेत उभी राहतात, पुष्पचक्र वाहतात, सलामी देतात, चहा होतो आणि छायाचित्र दुसऱ्या दिवशी शहर पानावर येते. डोंबिवलीत घरडा सर्कलच्या शहीद कॅप्टन विनयकुमार सच्चान स्मारकापाशी हे दृश्य ओळखीचे आहे. त्या रांगेतले बहुतेक जण साठी ओलांडलेले असतात.

या संघटनांच्या भवितव्याचा प्रश्न आता पुढे आला आहे तो एका तारखेमुळे. अग्निपथ योजनेतून भरती झालेल्या पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून पूर्ण होऊ लागतात. त्यातले बहुसंख्य तरुण गणवेश उतरवून घरी येतील, पण सरकारच्या व्याख्येनुसार ते ‘माजी सैनिक’ नसतील. मग माजी सैनिकांच्या संघटनेत त्यांना जागा आहे का? आणि नसेल, तर तीस वर्षांनी त्या रांगेत कोण उभे असेल?

आपल्याकडचा ‘क्लब’ कसा असतो?

इंग्लंड-अमेरिकेत निवृत्त सैनिकांचा क्लब म्हणजे स्वतःची इमारत, हॉल, बार आणि बिलियर्ड टेबल. आपल्याकडे असे काही असेल तर ते अधिकाऱ्यांसाठी. कुलाब्याचा युनायटेड सर्व्हिसेस क्लब हे त्याचे उदाहरण. शिपाई, नाईक, हवालदार, सुभेदार म्हणून निवृत्त झालेल्यांसाठी क्लब नाही, संघटना असते. नोंदणी क्रमांक, लेटरहेड, रबरी शिक्का, वार्षिक वर्गणी आणि महिन्याला एखादी बैठक. अध्यक्षपदी बहुधा निवृत्त सुभेदार किंवा मानद कॅप्टन.

खरा क्लब म्हणायचा तर तो सीएसडी कँटीनची रांग. सैन्यासाठी स्वस्त दरात वस्तू विकणारा हा विभाग १९४८ पासून आहे आणि त्याचे मुख्यालय मुंबईतच, चर्चगेटजवळ महर्षी कर्वे रस्त्यावर आहे. स्मार्ट कार्ड खिशात घालून, पिशव्या घेऊन आलेला माणूस महिन्याच्या कोट्याची रम, तेल, साबण घेईपर्यंत तास-दीड तास रांगेत असतो. तेवढ्या वेळात कोणाचे ऑपरेशन झाले, कोणाची पेन्शन अडकली, कोण गेले, हे सगळे कळते. दुसरा क्लब म्हणजे ईसीएचएस पॉलिक्लिनिकमधला बाक. माजी सैनिकांसाठीची ही आरोग्य योजना १ एप्रिल २००३ रोजी सुरू झाली. मोटार, टीव्ही अशा मोठ्या वस्तूंसाठी सीएसडीने जानेवारी २०२१ मध्ये ऑनलाइन पोर्टल आणले. सोय झाली, रांगेतली गाठभेट तेवढी कमी झाली.

इथे एक गल्लत नेहमी होते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय हे सरकारी आहे. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ मध्ये ‘इंडियन सोल्जर्स बोर्ड’ स्थापन झाले, त्याचेच आजचे रूप म्हणजे दिल्लीतले केंद्रीय सैनिक बोर्ड. राज्यात त्याचे काम पुण्यातला सैनिक कल्याण विभाग आणि त्याखालची जिल्हा कार्यालये पाहतात. ठाण्याच्या कार्यालयाकडे पालघरचाही भार आहे. संघटना मात्र खासगी संस्था आहेत. त्यांना सरकारी पगार नाही, कर्मचारी नाहीत. देशपातळीवर ‘इंडियन एक्स-सर्व्हिसेस लीग’ १९६४ पासून आहे. गल्लीतल्या संघटनेचे चालते ते तिच्या सचिवाच्या उत्साहावर.

ठाणे-कल्याणचा सैन्याशी संबंध काय?

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ मोठी लष्करी छावणी होती. सहा हजार सैनिक आणि तीस हजार इतरांची सोय होईल एवढी. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये त्याच ‘कॅम्प’चे उल्हासनगर झाले. नेवाळीची धावपट्टी त्याच युद्धातली. अंबरनाथला आयुध निर्माणी आहे, ठाण्यात कोलशेत आणि येऊरला हवाई दलाचे तळ आहेत.

पण इथल्या माजी सैनिकांचे मूळ बहुधा या तळांत नसून सातारा, सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगर आणि कोकणातल्या गावांत आहे. कल्याणला पुण्याची आणि नाशिकची लाइन फुटते. एका बाजूला मुंबईतली दुसरी नोकरी, दुसऱ्या बाजूला गाव, आणि मुंबईपेक्षा परवडणारे घर. निवृत्तीची रक्कम डोंबिवली, बदलापूर, टिटवाळ्याच्या ‘वन बीएचके’त घालण्यामागचा हिशेब साधा आहे.

गावाकडे संघटनेची फारशी गरज पडत नाही. साताऱ्यातले अपशिंगे ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणून ओळखले जाते, महाडजवळ फौजी आंबवडे आहे. तिथे घरटी एक फौजी. अख्खे गावच संघटना. पीपीओ म्हणजे काय, रेकॉर्ड ऑफिसला पत्र कसे लिहायचे, हे शेजारच्या काकांना विचारले की झाले. डोंबिवलीच्या सात मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी १९७१ ची लढाई पाहिली आहे, हे दुसऱ्या मजल्याला ठाऊक नसते. शहरात संघटना लागते ती म्हणून.

मग संघटना वर्षभर करतात काय?

मुख्यतः कागद. ऐकायला रुक्ष वाटेल, पण सगळे अडते तिथेच.

समजा, बदलापूरला एक निवृत्त नाईक वारले. पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळायला हवे. पीपीओ म्हणजे पेन्शनच्या आदेशात तिचे नाव ‘शांता’ आहे, आधारवर ‘शांताबाई’, बँकेत माहेरचे मधले नाव. जन्मतारीख तीन ठिकाणी तीन. चाळीस वर्षांपूर्वी लग्नाची नोंद युनिटमध्ये करताना कारकुनाने जे लिहिले ते तसेच राहिले. आता दुरुस्तीसाठी प्रतिज्ञापत्र, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला आणि रेकॉर्ड ऑफिसला पत्र. कोणते रेकॉर्ड ऑफिस? मराठा लाइट इन्फन्ट्री असेल तर बेळगाव. तोफखाना असेल तर नाशिक रोड. महार रेजिमेंट असेल तर मध्य प्रदेशातले सागर, सिग्नल्स असेल तर जबलपूर, ईएमई असेल तर सिकंदराबाद. नौसैनिक असेल तर मानखुर्दच्या चीता कॅम्पमधले ब्यूरो ऑफ सेलर्स, हवाई दल असेल तर दिल्लीतले सुब्रतो पार्क. लष्करी पेन्शनचा अंतिम आदेश निघतो प्रयागराजहून. हा नकाशा ज्याच्या डोक्यात आहे असा एक माणूस वस्तीत असणे, हीच संघटनेची किंमत.

पूर्वी निदान बँकेच्या शाखेत ओळखीचा चेहरा असे. आता संरक्षण पेन्शन ‘स्पर्श’ या पोर्टलवर गेली आहे. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो, नाही दिला तर पेन्शन थांबते. ‘जीवन प्रमाण’ ही डिजिटल दाखल्याची सोय २०१४ पासून आहे आणि २०२१ पासून मोबाइलवर चेहरा दाखवूनही तो देता येतो. विशीतल्या नातवाला हे दोन मिनिटांचे काम आहे. मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेल्या, मुलगा परदेशी असलेल्या आणि ‘ओटीपी कोणाला सांगू नका’ हे पक्के लक्षात ठेवलेल्या पंचाहत्तरीच्या बाईंना तो दिवसभराचा घोर आहे. पेन्शनधारकांना गाठणारे भामटे नेमके याच ओटीपीच्या मागे असतात. त्यामुळे फोन विश्वासाने कोणाच्या हातात द्यायचा, हा प्रश्न लहान नाही.

त्यानंतर योजना. ज्यांना पेन्शनच नाही अशा हवालदारपर्यंतच्या, ६५ वर्षांवरील गरजू माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून मासिक मदत मिळते. ती चार हजार रुपये होती, १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांसाठी आठ हजार झाली. त्याच निर्णयात मुलांच्या शिक्षणाची मदत महिना एक हजारावरून दोन हजार आणि मुलीच्या लग्नासाठीची ५० हजारांवरून एक लाख झाली. माजी सैनिकांना मालमत्ता करात माफी देणारी राज्य सरकारची योजना शहरी भागासाठी २०२० मध्ये आली. यातली एकही रक्कम आपोआप खात्यात पडत नाही. अर्ज भरावा लागतो आणि त्याआधी योजना आहे हे कळावे लागते.

आजारपणाचेही तसेच. कल्याणहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ५४ किलोमीटर. पुढे कुलाब्याला नौदलाचे अश्विनी रुग्णालय. सकाळच्या लोकलमध्ये हृदयविकाराचा रुग्ण घेऊन जाणे म्हणजे काय, हे मध्य रेल्वेच्या प्रवाशाला सांगायला नको. ईसीएचएसच्या यादीतले जवळचे खासगी रुग्णालय कोणते, तिथे रेफरल कसे मिळते, आणीबाणीत थेट दाखल केल्यावर किती वेळात कळवायचे, हे रात्री दोन वाजता फोनवर सांगणारे कोणीतरी लागते.

आणि शेवटचे काम अंत्ययात्रेचे. सेवेत असताना शहीद झालेल्या जवानाला लष्करी मानवंदना मिळते. निवृत्तीनंतर तीस वर्षांनी घरी झालेल्या मृत्यूला ती आपसूक मिळत नाही. मग संघटनेचे चार-सहा जण पदके लावून स्मशानभूमीत जातात, रांगेत उभे राहतात, सलामी देतात. त्या घरातल्या नातवंडांना आजोबा कोण होते हे पुष्कळदा तेव्हाच नीट कळते.

एवढे काम असून सदस्य का मिळत नाहीत?

पहिले कारण वयाचे, पण उलट्या बाजूने. सैनिक म्हातारा होऊन निवृत्त होत नाही. जवानाची सेवा साधारण १५ ते १७ वर्षांची. म्हणजे पस्तिशी-चाळिशीत तो घरी येतो आणि लगेच दुसरी नोकरी धरतो: बँकेत सशस्त्र रक्षक, रेल्वेत, महामंडळामार्फत किंवा घोडबंदर रोडच्या गृहसंकुलात सुरक्षा पर्यवेक्षक म्हणून. राज्यात माजी सैनिकांसाठी ‘मेस्को’ हे स्वतंत्र महामंडळ २००२ पासून आहे. बारा तासांची ड्यूटी, त्यात रात्रपाळी, त्यावर लोकलचा प्रवास. रविवारी सकाळी दहाची बैठक हीच त्याची झोपेची वेळ असते. पासष्टीपुढचे लोकच संघटनेत दिसतात ते यामुळे. चाळिशीतल्याला गरज नाही असे नाही, त्याला वेळ नाही.

दुसरे कारण व्हॉट्सअॅप. एकाच वर्षी भरती झालेल्यांचा गट, युनिटचा गट, गावाचा गट. जुना मित्र आता आसामात असो की बार्शीत, रोज ‘जय हिंद’ करतो. संघटनेच्या बैठकीत मात्र वेगवेगळ्या रेजिमेंटचे, अनोळखी लोक. ज्याच्याबरोबर बंकरमध्ये रात्र काढली तो फोनवर सापडला, तर समाजमंदिरातल्या प्लास्टिकच्या खुर्चीत कशाला जायचे? अडचण एवढीच, की बार्शीचा मित्र मध्यरात्री कल्याणच्या रुग्णालयात येऊ शकत नाही.

तिसरे कारण म्हणजे एकत्र आणणारी मोठी मागणी बऱ्याच अंशी मार्गी लागली. ‘वन रँक वन पेन्शन’साठी २०१५ च्या जूनमध्ये जंतर-मंतरवर आंदोलन सुरू झाले, सप्टेंबरमध्ये सरकारने घोषणा केली आणि १ जुलै २०१४ पासून ती लागू धरली. डिसेंबर २०२२ च्या सुधारणेचा लाभ २५.१३ लाख निवृत्तिवेतनधारकांना होईल, असे केंद्राने जाहीर केले. त्यानंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये जवान आणि जेसीओ पुन्हा जंतर-मंतरवर आले, या वेळी अधिकारी आणि जवान यांच्यातल्या तफावतीविरोधात. म्हणजे मागणी उरली, एकी तेवढी राहिली नाही.

जागेचा प्रश्न वेगळाच. वर्षाला काही शे रुपये वर्गणी घेणाऱ्या संस्थेने नौपाड्यात किंवा डोंबिवली पूर्वेला गाळा घेणे हा विनोद ठरेल. मग शाळेचा वर्ग, मंदिराचे सभागृह, ज्येष्ठ नागरिकांचे विरंगुळा केंद्र किंवा सचिवाच्या घरचा हॉल. सचिव गेला की दप्तरही त्याच्या माळ्यावर राहते. शहरांना सैन्याबद्दल आस्था नाही असे नव्हे. नौदलात १९९८ ते २०२१ सेवा बजावलेली ‘टी-८०’ ही युद्धनौका २०२४ मध्ये कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याजवळ खाडीकिनारी आणली गेली. शिवछत्रपतींच्या आरमाराची सुरुवात जिथे झाली असे मानले जाते, त्या ठिकाणी ती शोभते. अख्ख्या नौकेला जागा मिळते तिथे टेबल, संगणक आणि दोन खुर्च्यांच्या खोलीला महापालिकेच्या एखाद्या इमारतीत जागा मिळणे अवघड नसावे.

अग्निवीर ‘माजी सैनिक’ का नाही?

नियमानुसार माजी सैनिक म्हणजे ढोबळमानाने पेन्शनसह निवृत्त झालेला, सेवेमुळे आलेल्या वैद्यकीय कारणाने सेवामुक्त झालेला किंवा ठरलेली मुदत पूर्ण करून ग्रॅच्युइटीसह बाहेर पडलेला. अग्निपथ योजना १४ जून २०२२ रोजी जाहीर झाली. साडेसतरा ते २१ या वयात भरती (पहिल्या वर्षी कमाल वय २३), चार वर्षे सेवा, मग २५ टक्क्यांपर्यंत नियमित सेवेत आणि बाकीचे घरी. घरी जाणाऱ्याला सेवानिधी म्हणून सुमारे ११.७१ लाख रुपये मिळतात. त्यातला अर्धा वाटा त्याच्याच पगारातून दरमहा कापलेल्या ३० टक्क्यांचा. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. योजनेच्या अटींतच लिहिले आहे की ईसीएचएस, कँटीन आणि माजी सैनिकाचा दर्जा मिळणार नाही.

म्हणजे वर सांगितलेले दोन्ही ‘क्लब’, कँटीनची रांग आणि पॉलिक्लिनिकचा बाक, त्याला बंद आहेत.

विसंगती इथे बोचते. बुलढाण्याचे अक्षय गवते ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचिनमध्ये कर्तव्यावर असताना मृत्यू पावले. मे २०२५ मध्ये नियंत्रण रेषेवर शहीद झालेले मुरली नाईक हेही अग्निवीर. त्यांचे आईवडील अनेक वर्षे घाटकोपरला राहिलेले. दोघांनाही साऱ्या देशाने सैनिक म्हणूनच निरोप दिला. त्याच चौकीवर चार वर्षे उभा राहून सुखरूप परतलेला तरुण मात्र कागदावर सैनिकही नाही आणि माजी सैनिकही नाही.

आकडेमोड काय सांगते?

संघटना उद्या रिकाम्या होणार नाहीत, हे आधी स्पष्ट करायला हवे. नियमित पद्धतीने भरती झालेले जवान अजून अनेक वर्षे निवृत्त होत राहतील. पण नळ कुठे बंद झाला ते पाहा. करोनामुळे २०२० ते २०२२ या काळात लष्कराची जवान भरती जवळपास ठप्प होती. त्यानंतर अग्निपथ आली. म्हणजे जुन्या पद्धतीने भरती झालेले शेवटचे जवान २०२० च्या आसपासचे. त्यात १५ ते १७ वर्षे मिळवली की २०३५ ते २०३७ येते. बढती मिळालेले त्यानंतरही काही वर्षे निवृत्त होतील, पण ओघ त्या सुमारास आटू लागेल.

पहिल्या वर्षी तिन्ही दलांत मिळून ४६ हजार अग्निवीर घ्यायचे ठरले होते. २५ टक्के कायम झाले तर ११,५०० जण पुढे केव्हातरी ‘माजी सैनिक’ होतील. उरलेले ३४,५०० होणार नाहीत. पुढच्या वर्षांत भरती वाढली तरी प्रमाण तेच राहते: गणवेश घालून परतणाऱ्या चारांपैकी तिघे व्याख्येबाहेर. धोरण बदलले तर गणितही बदलेल. पण संघटनेने धोरण बदलण्याची वाट पाहायची का, हा वेगळा मुद्दा.

दार बंद ठेवले की काय होते?

याचे सर्वांत स्पष्ट उत्तर अमेरिकेत मिळते. तिथल्या यादवी युद्धात उत्तरेकडून लढलेल्यांनी १८६६ मध्ये ‘ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक’ ही संघटना काढली. १८९० पर्यंत तिचे सदस्य चार लाखांवर गेले. पेन्शनचे कायदे तिने करून घेतले, अध्यक्षपदाच्या निवडणुकांवर तिचा प्रभाव होता. पण नियम पक्का होता: त्या एकाच युद्धात लढलेला असेल तोच सदस्य. पुढच्या युद्धांतले सैनिक आले, त्यांनी आपल्या वेगळ्या संघटना काढल्या. १९४९ च्या शेवटच्या अधिवेशनाला सहा सदस्य हजर होते. १९५६ मध्ये शेवटचे सदस्य अल्बर्ट वूल्सन वारले आणि संघटना विसर्जित झाली.

दुसरे उदाहरण व्हिएतनामचे. त्या युद्धातून परतलेल्या अनेक तरुणांना जुन्या संघटनांच्या हॉलमध्ये थंड वागणूक मिळाली. महायुद्ध लढलेल्यांच्या लेखी ते ‘खरे युद्ध’च नव्हते. १९७८ मध्ये त्यांनी ‘व्हिएतनाम व्हेटरन्स ऑफ अमेरिका’ ही स्वतःची संघटना काढली. पाकिस्तानशी लढलेल्या पिढीने चार वर्षांच्या अग्निवीराकडे पाहताना ‘आमच्या वेळी…’ असे सुरू केले, तर चित्र याहून वेगळे नसेल.

ब्रिटनच्या ‘रॉयल ब्रिटिश लीजन’ने दुसरा रस्ता धरला. पहिल्या महायुद्धानंतर १९२१ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे सदस्य व्हायला आता सैन्यात नोकरी केलेली असण्याची अट नाही. तिचे बरेच क्लब बंद झाले, पण दर नोव्हेंबरला कागदी पॉपी विकून निधी गोळा करणारे मदतकार्य सुरू आहे. बार गेला, काम उरले. आपल्याकडे बार नव्हताच, त्यामुळे हा प्रवास खरे तर सोपा असायला हवा.

संघटना अग्निवीरांना सदस्य करू शकतात का?

हो, आणि त्यासाठी दिल्लीची परवानगी लागत नाही. माजी सैनिकाचा दर्जा सरकार देते. संघटनेचे सदस्यत्व संघटनेची घटना देते. बहुतेक संघटना संस्था नोंदणी कायदा, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० यांखाली नोंदलेल्या असतात. सदस्यत्वाच्या कलमात ‘माजी सैनिक’ऐवजी ‘सशस्त्र दलांत सेवा केलेली कोणतीही व्यक्ती’ असे लिहायचे तर सर्वसाधारण सभेत ठराव करून तो धर्मादाय आयुक्त कार्यालयात नोंदवावा लागतो.

इथे बऱ्याच छोट्या संस्थांची खरी दुखरी नस आहे. कार्यकारिणी बदलली की ‘चेंज रिपोर्ट’ दाखल करावा लागतो, दरवर्षी लेखापरीक्षण करावे लागते. वर्षानुवर्षे हे राहून गेले की कागदोपत्री आजही वारलेल्या माणसाचे नाव अध्यक्ष म्हणून असते आणि नव्या ठरावाला आधारच राहत नाही. इतरांच्या पीपीओतली नावे दुरुस्त करून देणाऱ्या संघटनेने आधी स्वतःची नावे दुरुस्त केलेली बरी.

विरोधाचे मुद्देही आहेत आणि ते उडवून लावण्यासारखे नाहीत. ‘माजी सैनिक’ हा शब्द दीर्घ सेवेने कमावलेला आहे, तो सैल झाला तर आरक्षण आणि सवलतींवरचा दावा सैल होईल, ही एक भीती. दुसरी अशी, की अग्निवीरांना आपणच सामावून घेतले तर त्यांना दर्जा देण्याची जबाबदारी सरकारवरून उतरेल. या दोन्हींवर मधला रस्ता निघू शकतो: मतदानाच्या हक्कासह सदस्यत्व द्यावे आणि सरकारी योजनांच्या पात्रतेचा प्रश्न योजनांच्या नियमांवर सोडावा. सदस्यत्वाने कोणाला कँटीन कार्ड मिळत नाही, त्यामुळे कोणाचे जातही नाही.

अग्निवीराला त्यातून काय मिळेल? तो २२ ते २५ वर्षांचा असेल. कॅरम आणि स्नेहभोजनासाठी तो येणार नाही. त्याच्यापुढे केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतल्या राखीव जागांचे अर्ज असतील. २०२२ मध्ये त्यासाठी १० टक्के आरक्षण जाहीर झाले होते. सैन्यातल्या प्रशिक्षणाचे गुण धरून पदवी देणारा इग्नूचा अभ्यासक्रम पूर्ण करायचा असेल. सेवानिधीचे अकरा लाख ‘दुप्पट करून देतो’ म्हणणारा कोणीतरी दारात येईल. या तिन्ही बाबतींत निवृत्तीनंतरची पहिली दोन वर्षे पार केलेला चाळिशीतला हवालदार त्याच्या कामाचा आहे. उलट ‘स्पर्श’ पोर्टल, चेहऱ्याने हयातीचा दाखला, ऑनलाइन अर्ज यांत तो पंचाहत्तरीच्या सुभेदाराच्या कामाचा आहे. हा व्यवहार भावनेचा नाही, म्हणून टिकण्याची शक्यता जास्त.

आणखी एक दुरुस्ती त्याच सभेत करण्यासारखी आहे. संघटनेकडे सर्वाधिक काम घेऊन कोण येते? सैनिकांच्या विधवा. त्यांना पूर्ण सदस्यत्व आणि कार्यकारिणीत जागा आहे का, की फक्त हळदीकुंकवाला आणि सत्काराला बोलावले जाते? मार्च २०२३ मध्ये ओडिशातल्या आयएनएस चिल्कावरून बाहेर पडलेल्या नौदलाच्या पहिल्या अग्निवीर तुकडीत २७० हून अधिक महिला होत्या. ‘माजी सैनिक व त्यांच्या पत्नी’ अशी अर्जाची भाषा असेल तर तीही बदलावी लागेल.

आता वेळेचे गणित. वार्षिक सभेची विषयपत्रिका ठरलेली असते: मागील इतिवृत्त, जमाखर्च, लेखापरीक्षकाची नेमणूक, ऐनवेळचे विषय. घटनादुरुस्ती ऐनवेळच्या विषयांत घेता येत नाही. दुरुस्तीचा मसुदा सभेच्या नोटिशीसोबत सदस्यांना आधी पाठवावा लागतो, गणसंख्या लागते आणि मंजुरीनंतर धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीला किती महिने लागतील ते सांगता येत नाही. पहिली तुकडी परतेपर्यंत अर्जाचा नमुना तयार हवा असेल, तर ती नोटीस येत्या सभेचीच असावी लागेल.